नाकोबाची फुली

बिअरच्या त्या कारखान्यात त्याला सगळे नाकोबा म्हणत. नाक काही मोठं नव्हतं. चेहऱ्याच्या मानाने ते जरा कमीच पडलं होतं. पण सव्वीस वर्षं कारखान्याला त्याच्या त्या एका अवयवाशीच काम होतं; बाकीचा माणूस नाकाला सोबत म्हणून येत असे.

कारखाना वर्षातून चार हंगामी बिअरी काढायचा. वसंतात फिकट, उन्हाळ्यात गव्हाची, शरदात तांबूस, हिवाळ्यात काळी. प्रत्येकीच्या तीन टाक्या. पहिली टाकी कशी उतरली पाहिजे ते वस्ताद ठरवायचे. वस्ताद म्हणजे कारखान्याचे मुख्य कारागीर. साठीचे, खोकल्याशिवाय वाक्य सुरू न करणारे. दुसरी आणि तिसरी टाकी पहिलीसारखीच आहे की नाही, हे मात्र सोमवारी सकाळी दहा वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या चवखोलीत ठरायचं.

चवखोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या होत्या. एकीवर वस्ताद, दुसरीवर टाक्यांची राखण करणारा तळघरवाला, तिसरीवर नाकोबा. भिंतीत एक सरकती झडप होती. झडपेच्या पलीकडे प्रयोगशाळेतल्या बाई ग्लास भरायच्या आणि प्रत्येकापुढे तीन-तीन सरकवायच्या. रंगावरून काही कळू नये म्हणून ग्लास गडद निळे. प्रत्येकावर तीन आकडी नंबर. दोन ग्लासांत एका टाकीची बिअर, एकात दुसरीची. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. सापडला तर चिठ्ठीवर त्याचा नंबर लिहायचा आणि खाली कारण. नाही सापडला तर फुली मारायची. दोघांना एकच ग्लास सापडला की टाकी थांबली. बोलायचं नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही, दुसऱ्याच्या चिठ्ठीत डोकवायचं नाही. आणि फुल्या पडल्या की माल सुटला. म्हणजे परीक्षा अशी, की तीत बसलेले नापास झाले की बिअर पास.

चार वर्षांपूर्वी नाकोबा शीतगृहात शिडीवरून घसरला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला आपटला. तीन टाके पडले, दोन दिवसांची रजा मिळाली. दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसला होता. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती तिथून जिना उतरून धावत आली.

“अहो, दूध करपलं!”

“कुठे?” नाकोबाने विचारलं.

बायकोने गॅस बंद केला. पातेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग तिने कांदा चिरून त्याच्या नाकाखाली धरला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वास काही आला नाही.

डॉक्टर म्हणाले, “येईल, किंवा येणार नाही.” नाकोबाला हे पटलं. बावीस वर्षांत चवखोलीत त्यानेही याहून ठाम काही लिहिलेलं नव्हतं.

जीभ शाबूत होती. कडू, गोड, आंबट कळायचं. पण दोन टाक्यांमधला फरक असतो तो वासात, आणि तिथे आता भिंत होती. हे कारखान्यात कळलं असतं तर खुर्ची गेली असती. नाकोबाला दुसरं काही येत नव्हतं. त्याला ड्रायव्हिंग येत नव्हतं, हिशोब येत नव्हता, माणसांशी चार शब्द बोलून काम काढून घेणं येत नव्हतं. मेहुणा तर कुठेही, कुणालाही त्याची ओळख एका दमात करून द्यायचा: “हे आमचे दाजी. वास घेतात.” वास गेल्यावर त्या वाक्यात दाजी तेवढे उरत होते.

चवखोलीतल्या माणसांना तपासणीच्या दोन टाक्यांमधली एकेक बाटली घरी न्यायची मुभा होती. त्या रविवारी दुपारी नाकोबाने दोन्ही बाटल्या फोडल्या, दोन कपांत ओतल्या आणि बायकोपुढे ठेवल्या.

“मला आवडत नाही बिअर,” ती म्हणाली.

“आवडू नकोस. फक्त सांग.”

“काय सांगू?”

“कसली लागते ते.”

तिने एक घोट घेतला, दुसऱ्यातला घेतला, पदराने ओठ पुसले. “सारख्याच आहेत. दोन्हींना आपल्या मोठ्या बॅगेच्या आतल्या कप्प्याचा वास आहे. प्रवासाहून आल्यावर चार दिवसांनी उघडला की येतो तसा. वाईट नाही.”

नाकोबाने ते लिहून घेतलं. सोमवारी त्याने चिठ्ठीवर फुली मारली आणि खाली लिहिलं: दोन्हींना प्रवासी बॅगेच्या आतल्या कप्प्याचा वास. वाईट नाही.

पडण्याआधी त्याच्या चिठ्ठ्यांवर ‘बरी’ किंवा ‘बरी नाही’ याखेरीज शब्द नसायचा. आता हिवाळ्यातल्या काळीबद्दल त्याने लिहिलं, शेकोटीजवळ वाळत घातलेला लोकरीचा मोजा. उन्हाळ्यातल्या गव्हाच्या बिअरीबद्दल लिहिलं, आजाऱ्याला भेटायला कुणीतरी आणलेली आणि कुणीच न खाल्लेली केळी. वस्तादांनी ही वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि त्यातलं मोज्याचं लेबलावर छापलं. काळीचा खप वाढला. कारखान्यात बोललं जाऊ लागलं की नाकोबाच्या डोक्याला मार बसला आणि डोकं उघडलं.

“मलाही एकदा शिडीवरून ढकला,” तळघरवाला म्हणायचा.

नाकोबा हसायचा नाही. लोकांना तो विनय वाटायचा.

चार वर्षांत बायकोने फक्त एकदा दोन टाक्या वेगळ्या सांगितल्या. “हिच्यात कोबी उकडलाय,” ती म्हणाली, “आणि झाकण ठेवून.” सोमवारी तीन निळ्या ग्लासांपैकी कोबीचा कोणता, हे नाकोबाला कळायला मार्ग नव्हता. त्याने मधल्याचा नंबर ठोकून दिला आणि खाली कोबीचं लिहिलं. नंबर चुकला. पण वस्तादांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला तर कोबी होता, झाकणासकट. नाकोबा चुकणं शक्यच नव्हतं, तेव्हा ग्लास भरताना बाईंकडूनच अदलाबदल झाली असणार असं ठरलं. बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी दिला. त्यानंतर त्या प्रत्येक ग्लास दोनदा तपासून भरायच्या आणि झडप जरा जोरात लावायच्या.

घरी रविवारची दुपार ठरून गेली. जेवणं आटोपली की बायको हात धुऊन टेबलाशी बसायची. नाकोबा कागद-पेन्सिल घेऊन समोर. ती बोलायची, तो लिहायचा. लग्नाला तीस वर्षं झाली होती. तिचं बोलणं कुणी लिहून घेण्याचा हा पहिलाच प्रसंग. ती घाई करायची नाही. कधी कपातल्या वासावरून तिला माहेरच्या शेजारची शिंपीण आठवायची, शिंपिणीवरून तिचा कुत्रा, कुत्र्यावरून त्याला चावलेली मधमाशी, आणि तासाभराने ती कपावर परत यायची. नाकोबा मधमाशीसुद्धा लिहून घ्यायचा. न जाणो.

मग मालकांचा जावई कारभार बघायला आला. पहिल्याच आठवड्यात त्याने फाटकावर पिशव्या तपासायला माणूस बसवला आणि नोटीस लावली: तपासणीचा माल कारखान्याबाहेर जाणार नाही. नोटीस लागली बुधवारी. शरदातल्या तांबूस बिअरीच्या तिसऱ्या टाकीची तपासणी होती येत्या सोमवारी.

“म्हणजे कप नाही,” बायको म्हणाली.

“नाही.”

“मग तुम्ही करणार काय?”

नाकोबा उठला. कपाटातून जुन्या उरलेल्या चार बाटल्या काढल्या. त्यांतली एक बायकोने दिवसभर उन्हात ठेवून बिघडवली. मग तिने तीन कप मांडले, दोन चांगल्या बिअरीचे, एक बिघडलेलीचा, आणि त्याला पाठ फिरवायला सांगून ते इकडेतिकडे केले. नाकोबाने तिन्ही प्यायले. जिभेवर घोळवले. कान लावून फेसाचा आवाजसुद्धा ऐकला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असं चाललं.

“चार वेळा बरोबर आलं,” शनिवारी बायको म्हणाली.

“किती वेळांपैकी?”

“बारा.”

“डोळे मिटून कप उचलला असता तरी चारच आले असते.”

“डोळे मिटलेलेच होते तुमचे.” ती कप विसळायला उठली. नळाशी उभी राहून म्हणाली, “अहो, सरळ फुली मारा ना.”

“आणि टाकी खराब निघाली तर?”

“तर उरलेले दोघं आहेत की. नाकं आहेत ना त्यांना? दोघांनी सांगितलं की टाकी थांबते, तुम्हीच म्हणता.”

हे खरं होतं. नाकोबाने ते उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही खरंच होतं. फुली मारायला नाक लागत नाही. निवृत्तीला चार वर्षं होती. वर्षाला चार हंगाम, हंगामाला दोन तपासण्या. बत्तीस फुल्या. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

सोमवारी दहाला तो खुर्चीवर बसला. झडप सरकली, तीन ग्लास आले, झडप जोरात लागली. नाकोबाने पहिला उचलला, नाकाशी नेला, सवयीने डोळे बारीक केले. गार. दुसरा गार. तिसराही गारच. कडवटपणा तिन्हींत सारखा. त्याने पेन्सिल उचलली.

समोर तळघरवाला तिसऱ्या ग्लासात नाक घालून बसला होता. त्याने तो खाली ठेवला, पहिला हुंगला, पुन्हा तिसरा उचलला. चार वेळा त्याने हे केलं. चौथ्यांदा त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्याने आपली पेन्सिल घेतली आणि ती कागदाच्या वर धरून थांबला. त्याने वर पाहिलं. नाकोबाच्या चेहऱ्याकडे नाही. नाकोबाच्या पेन्सिलीच्या टोकाकडे.

नाकोबाने डावीकडे नजर टाकली. वस्तादही तिथेच बघत होते. त्यांनी तर दुसरा ग्लास अजून उचललाही नव्हता.

चिठ्ठीत डोकवायला बंदी होती. पेन्सिलीबद्दल नियमात काही नव्हतं. नंबर लिहायचा तर तीन आकडे, शिवाय कारण, पेन्सिल बराच वेळ हलत राहते. फुलीला दोनच रेघा.

नाकोबाने पेन्सिल कागदापासून बोटभर वर धरली आणि हवेत दोन रेघा ओढल्या. एक अशी, एक तशी.

वस्तादांनी मान खाली घालून फुली मारली. तळघरवाल्याची आठी गेली; त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि त्यानेही फुली मारली. नाकोबाचा कागद कोरा होता.

तो त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिला. या खोलीत तीन माणसं बसतात असं कारखाना सव्वीस वर्षं धरून चालला होता. बसत होता एकच. आणि गेली चार वर्षं तोही बसत नव्हता. बसत होती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणारी एक बाई, जिला बिअर आवडत नाही. आज तीही नव्हती. खोली रिकामी होती आणि टाकी सुटत होती. अशा अजून एकतीस सोमवारी खोली रिकामी राहणार होती, आणि बाहेर माणसं बाटल्या फोडून, लेबलं वाचून, विश्वासाने पिणार होती.

आता फक्त फुली मारायची होती. मारली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. तळघरवाल्यालासुद्धा नाही, त्याला आपलं नाक फसवतंय असं वाटलं असतं, आणि हळूहळू ते खरंही झालं असतं.

“मला वास येत नाही,” नाकोबा म्हणाला.

चवखोलीत बोललेलं हे पहिलं वाक्य. वस्ताद आधी खोकले.

“सर्दी झालीय?”

“चार वर्षं झाली. शिडीवरून पडलो तेव्हापासून.”

“चार वर्षं?” वस्तादांचा दुसरा ग्लास शेवटी उचलला गेला, पण नुसताच हातात राहिला. “आणि मोजा? केळी?”

“बायको सांगायची. घरी.”

झडप सरकली. प्रयोगशाळेतल्या बाईंचा चेहरा चौकटीत आला.

“कोबी?” त्यांनी विचारलं.

“तोही तिचाच. ग्लास मी अंदाजाने लिहिला होता. तुमची काही चूक नव्हती.”

“मी खुलासा दिला होता,” बाई म्हणाल्या. “दोन पानी.” त्यांनी झडप लावली. पण या वेळी हळू.

वस्तादांनी नाकोबाला बाहेर थांबायला सांगितलं. बाईंनी नव्याने ग्लास भरले. एरवी चवखोलीचं काम सहा-सात मिनिटांत उरकायचं. नाकोबा जिन्याजवळच्या बाकावर बसला आणि पाऊण तास बसून राहिला. आतून खोकल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. एकदा पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला. ती उचलायला कुणालातरी फार वेळ लागला.

शेवटी दार उघडून वस्ताद आले. एरवी बिअरीने कधी न आलेला घाम त्यांच्या कपाळावर होता.

“त्याचं म्हणणं एक, माझं दुसरं,” ते म्हणाले. “असं कधी झालं नव्हतं.”

“मग?”

“पाच वेळा ग्लास बदलून दिले बाईंनी. पाचही वेळा त्याने बरोबर ओळखला. म्हणतो, नव्या बुटांच्या खोक्याचा वास आहे.” ते बाकावर टेकले. म्हणाले, “मला नाही आला. तसं मला फारसं कधीच... तू होतास ना. तुझ्यावर सोडून द्यायचो.”

“मी बायकोवर.”

“हं.”

दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर आग लागल्यास काय करावं ते लिहिलं होतं.

खोक्याचा वास आला कुठून तेही सापडलं. तिसऱ्या टाकीच्या पंपाचं एक रबरी कडं फाटलं होतं आणि बिअरीत हवा शिरत होती. सबंध टाकी गटारात सोडली. अंगणातून दुपारभर फेस वाहत होता. जावई गॅलरीत उभा राहून तो बघत होता आणि मधूनमधून घड्याळाकडे बघत होता, जणू फेस उशिरा वाहतोय.

नाकोबाचा मान तळघरवाल्याला मिळाला. नाकोबाला नोकरीवरून काढलं नाही, पण चवखोलीत परत बसवलंही नाही. मंगळवारी संध्याकाळी वस्ताद स्वतः त्याच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी पाणी घेतलं.

“वहिनी, रागावू नका,” ते म्हणाले. “तिसरी खुर्ची रिकामी आहे. तुम्ही यायचं. सोमवारी दहाला. अर्ध्या तासाचं काम.”

नाकोबाने बायकोकडे पाहिलं नाही. तो टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत होता.

“तिथे करायचं काय?” बायकोने विचारलं.

“प्यायचं आणि लिहायचं.”

“बोलायचं कुणाशी?”

“बोलायचं नाही. एक शब्दही नाही. नियमच आहे तसा.”

“मग नको,” बायको म्हणाली. “मला लिहिताना काही सुचत नाही.”

वस्तादांनी अजून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने त्यांना आणखी पाणी दिलं. जाताना ते दारात वळले. “त्या मोज्याचं तरी लेबलावर ठेवू का?”

“ठेवा. मोजा माझ्या भावाचा होता. त्याला सांगू नका.”

नाकोबाला परतीच्या बाटल्यांच्या शेडमध्ये टाकलं. बाजारातून रिकाम्या बाटल्या यायच्या त्या तिथे उतरायच्या. तळाशी आंबलेली बिअर, सिगारेटची थोटकं, बुरशी, कधी बुडालेला उंदीर. त्या शेडमध्ये माणूस महिनाभर टिकत नसे. जो टिकायचा त्याच्या घरचे टिकू द्यायचे नाहीत. नाकोबा पहिल्या दिवशी आत गेला, बाही दुमडली आणि बाटल्या उलट्या करायला लागला. दुपारी शेडच्या मुकादमाने तोंडाला फडकं बांधून आत डोकावलं, तर हा एका पेटीवर बसून शांतपणे डबा खात होता.

“माणूस आहेस का कोण?” मुकादमाने दारातूनच विचारलं.

“बसा की,” नाकोबा म्हणाला.

मुकादम बसला नाही. पण त्याने वर जाऊन सांगितलं की इतक्या वर्षांत शेडला पहिल्यांदा माणूस मिळाला. महिन्याभरात जुना साठा निपटला. जावयाने नाव विचारून घेतलं. सव्वीस वर्षांत वरून असा शब्द नाकोबासाठी पहिल्यांदाच आला. त्याने तो ऐकला आणि पुढची पेटी ओढली. खरं तर त्याला वाईट वाटत होतं. चवखोलीची खिडकी शेडमधून दिसायची. सोमवारी दहाला तो तिकडे पाठ करून काम करी.

घरी मात्र पंचाईत झाली. पहिल्या दिवशी तो दार उघडून आत पाऊल टाकणार इतक्यात बायको आतून ओरडली.

“दारातच थांबा! अहो, एक पाऊल नका टाकू आत. शर्ट काढा. तिथेच. बाहेर टाका तो.”

नाकोबाने शर्ट काढला. जिन्यात बनियनवर उभा राहिला. शेजारच्या घरातून कुणीतरी बघून दार लावून घेतलं.

“इतका येतो?” त्याने विचारलं.

“इतका म्हणजे? वाईट येतो.”

नाकोबा शर्ट हातात धरून उभा होता. तो शर्ट त्याने नाकाशी नेला, ओढून श्वास घेतला. कापड ओलसर होतं, एवढंच कळलं.

“वाईट म्हणजे कसा?” तो म्हणाला. “नीट सांग.”

बायकोने पदर नाकाला लावला होता. तिने तो थोडा बाजूला केला, पुढे आली, शर्टाच्या बाहीवर वाकली आणि मागे झाली. मग उंबऱ्यावर बसली, कारण हे लवकर आटपणारं नव्हतं.

“आमच्या मावशीच्या घरी एक माठ होता,” ती म्हणाली. “कोपऱ्यात. कुणीच वापरायचं नाही. मावशीच्या नवऱ्याचं म्हणणं असायचं की त्यात काही नाही, आणि मावशीचं म्हणणं की आहे...”

नाकोबाही बनियनवर तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला.